खाजणात शून्य झाडं

"शाईचं पॅड कुणी आणलं? आधी ते सांग, मग बाकीचं!"

आक्का अशी कडाडली की ओट्यावरच्या कपबश्या वाजल्या. तिचा पुतण्या भूपेश चाचरला. "अगो आक्का, कुणाला अंगठा सोपा पडतो, म्हणून."

"कुणाला? इथं कागदावर नाव माझं एकटीचं हाय. तुझा बाप अंगठा लावायचा तेव्हापासून मी सही करते!"

समोर मृणाली बसली होती. पंचविशीची पोर, शहरातल्या एका पर्यावरण संस्थेची. तिच्या मांडीवर चौदा पानी करार. खारबावच्या खाडीला लागून आक्काचं दीड एकर खाजण आहे. भरतीचं पाणी आत शिरतं, अशी चिखलाची जमीन. ती तीस वर्षं संस्थेकडे द्यायची, असं त्यात लिहिलेलं. भूपेशला घाई. वळ गावातल्या गोडाऊनमधली त्याची नोकरी सुटली होती आणि करारात दरसाल हिस्सा होता.

आक्काने पदराची गाठ सोडली, मला बाहेर काढलं आणि उघडलं.

मी काच बोलतेय. चष्म्याची नव्हे, कापडातले धागे मोजायची. काडेपेटीत मावेन एवढी, पितळेची, तीन पानांची घडी. खाली इंचभर चौकोनी खिडकी, वर भिंग. कापडावर ठेवायचं आणि खिडकीतले धागे मोजायचे. लूमवाला बहात्तर सांगायचा, माझ्याखाली अडुसष्ट भरायचे. उघड्या डोळ्याला कापड तेच दिसतं हो! म्हणून माणसाच्या तोंडच्या शब्दावर विसंबायची मला सवयच लागली नाही. संशयासाठीच मला घडवलंय, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझे पहिले मालक चिंतामणी, भिवंडीतल्या एका कारखान्यात कापड तपासायचे. आक्का तिथे कांड्यांवर सूत भरायची. शाळेची पायरी चढलेली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती मला कापडाच्या गाठींवरच्या छापील अक्षरांवर ठेवायची आणि एकेक अक्षर त्यांना विचारायची.

"कांड्या भरणारीला अक्षरं कशाला गं?" ते हसायचे.

"तुम्ही हजेरीत काय लिहिता, ते बघायला."

कारखाना भंगारात गेला त्या दिवशी चिंतामणींनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. नंतर बरीच वर्षं मी फडताळात हळदीच्या डब्यामागे पडून होते. बिजागरीला हिरवा गंज चढला. मग जमिनीचे दलाल गावात फिरू लागले आणि आक्काने मला चिंचेने घासून काढलं. तेव्हापासून मी कापड पाहिलेलं नाही, कागदच पाहते. कागदातही धागे चोरतात.

"आजी, घाबरू नका," मृणाली म्हणाली. "आमची संस्था ना-नफा आहे."

"म्हणजे पैसा उरतच न्हाय?"

"उरतो ना. पण कुणी वाटून घ्यायचा नाही, संस्थेच्या कामालाच लावायचा."

"आणि तुझा पगार?"

"तो मिळतो. तो खर्चात धरतात."

"ऐक भूप्या! तू म्हणत होतास, पुण्य करायला आलेत."

मुलगी खरं बोलत होती. मला ती आवडू लागली, म्हणून मी जास्तच सावध झाले.

"आणि हे कार्बन क्रेडिट?"

"झाडं हवेतला कार्बन शोषतात. एका टनाला एक क्रेडिट, पावतीच समजा. धूर सोडणाऱ्या कंपन्या ती विकत घेतात."

"धूर त्यांचा, गिळणार माझं झाड, आणि पावती तुमच्या नावची?"

"हिस्सा मिळतोय ना आपल्याला!" भूपेश मध्येच म्हणाला.

"तू चहा पी."

आक्काने मला अकराव्या पानावर सरकवलं. "आधाररेषा. हे काय गो?"

"काम सुरू व्हायच्या आधी जागेवर काय होतं, त्याची नोंद. त्याच्यापुढे जेवढं नवीन वाढेल, तेवढ्याचंच क्रेडिट. आधीची झाडं धरायची नसतात."

"न्यायाचं हाय. आता ही ओळ वाच."

अक्षर मुंगीच्या पायाएवढं. आजवर आक्काने मला दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला लागू दिलं नव्हतं. आज तिने आपण होऊन मला पुढे केलं. मृणाली वाकली.

"जमीन ओसाड. सध्याची झाडे... शून्य."

तिच्या श्वासाने माझ्यावर धुकं धरलं.

"शून्य?" आक्का म्हणाली. "माझ्या सासूच्या आधीपासूनचे तिवर हायत तिथं, खारफुटीची झाडं. त्यांच्या मुळांत हात घालून आमच्या गावची तुळजा चिंबोऱ्या धरते, त्यावर तिची तीन पोरं वाढली. ते तिवर तुम्ही नवीन म्हणून विकणार, आणि खालच्या ओळीत लिहिलंय, माणसांचा वावर बंद. मग तुळजानं जायचं कुठं?"

"हे पान ऑफिसात भरलंय, आजी," मृणाली हळूच म्हणाली. "मी... मी जागा अजून पाहिलेली नाही."

"अगो, कागदावरचं शून्य हाय!" भूपेश उसळला. "त्यानं झाडं थोडीच मरतात?"

लूमवालेही असंच म्हणायचे. चार धाग्यांनी कापड थोडंच फाटतं? फाटायचं. गिऱ्हाइकाच्या अंगावर फाटायचं.

मी आता थकलेय. बिजागरी ढिली झालीय, भिंगावर चरा उठलाय. वाचणाऱ्या बायांनो, माझी पूजा करू नका. पहिल्या पानावर गोड अक्षरं मोठी दिसली, की मागची पानं आधी उघडा. काच नसली तर डोळे बारीक करा. अर्थ कळला नाही तर समोरच्याला विचारा, आणि त्यालाही कळला नसेल तर उठून उभ्या राहा. माझं मागणं एवढंच.

भूपेशने पेन पुढे सरकवलं. आक्काने मला टक्कन मिटलं, गाठीत बांधलं आणि ओट्याची पायरी उतरली. खाली खाडीचं पाणी मागे सरत होतं. तिने मृणालीचा हात धरला.

"चपला काढ पोरी, ओहोटी लागलीय, खाजणात उतर, सगळ्यात म्हाताऱ्या तिवराला हात लाव आणि त्याला तोंडावर सांग की तू इथं न्हायस, मग मी सही करते."