पडल्याचं सांगितलेलं घर

सहा वर्षांपूर्वी दादानं फोन केला होता. बाबांचं घर पावसात बसलं, आता तिकडे जाऊन बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणाला. मी त्यालाच बोलावून चार दिवस ठेवून घेतलं, गरम गरम वाढलं. मोठा भाऊ रडायला लागला की आपलं रडणं आवरतं घ्यावं लागतं.

काल लेकीनं मला उघड्यावरचं संग्रहालय दाखवायला नेलं. गावोगावची जुनी घरं वासा-वासा सोडवून आणायची आणि इथे माळावर जशीच्या तशी उभी करायची, असा तिथला कारभार. कुंभाराचं घर झालं, पिठाची गिरणी झाली.

"आई, पाय दुखतायत का?"

"पाय नाही, चप्पल दुखतेय."

सातवं घर सुताराचं होतं. मी आत शिरले आणि मागून खाडकन आवाज आला.

"आई गं! केवढीशी ही चौकट! तू कशी वाचलीस?"

मी न बघताच वाकले होते. बाबा बुटके. चौकटीचं माप त्यांनी स्वतःवरून घेतलं आणि आमची उंच आई जन्मभर घरात वाकून शिरली. मी भिंतीला हात टेकला.

"सगळ्यांनाच लागतं तिथे," माहिती सांगणारा माणूस हसत म्हणाला. "पण घर बघा किती ठणठणीत! सोडवलं तेव्हा एक वासा मोडलेला नव्हता. पुन्हा जुळवता यावं म्हणून प्रत्येक वाशावर मालकांनी स्वतः आकडे घातले."

मी वर पाहिलं. पाचाची शेपटी पार पुढच्या आकड्यापर्यंत ओढलेली. असा पाच जगात एकटा दादाच काढतो.

लेक दाराजवळची पाटी वाचत होती. "'कै. सुतारांच्या एकुलत्या अपत्याकडून भेट.' आई, एकुलत्या? मग तू कोण?"

मी दादाला फोन लावला.

"अगं, त्यांना सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या," तो म्हणाला. "तू अडून बसली असतीस."

"विचारलं होतंस का?"

"घर टिकलं ना पण? गावात खरंच पडलं असतं."

खरं होतं ते. त्यामुळे जास्तच लागलं.

"घर टिकलं दादा. मला कुठे ठेवलंस?"

मी फोन ठेवला.

पाटी बदलता येईल का, असं मी त्या माणसाला विचारलं. बिचारा ओशाळला. "येईल ना, ताई. अर्ज द्या. फक्त देणाऱ्याची सही लागेल त्यावर."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. लेक शेजारी बसली, कपाळ चोळत. थोड्या वेळानं एक जोडपं आलं.

"मावशी, जरा बाजूला होता का? घराचा फोटो घ्यायचाय."

"घ्या की," मी म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.