फ्यूजच्या जागी तार

"उघडा तरी बाबा," लेक म्हणाली. "नुसतं काय बघत बसलाय?"

टेबलावर वीज तपासायचा मीटर पडला होता, एका बाजूने जळून काळा झालेला. लग्नात म्हाताऱ्याने जावयाला तो हौसेने दिला होता. कारखान्यात व्होल्टेज तपासताना तो हातातच फुटला आणि आता जावयाच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. सासऱ्याने भंगार गळ्यात मारलं, असं तो येईल-जाईल त्याला सांगत होता. लेकीचं माहेर तेव्हाच बंद झालं. आज ती बाजाराचं निमित्त काढून आली होती.

म्हाताऱ्याचा जन्म मीटर दुरुस्त करण्यात गेला होता. त्याने झाकण काढलं. बॅटरी ठीक होती, आकडेही उमटत होते. पण लाल वायरीचं टोक करंट मोजायच्या भोकात वितळून बसलं होतं. व्होल्टेज बघताना वायर तिथे राहिली की सरळ शॉर्टसर्किट. भल्याभल्यांकडून होतं हे, म्हणून तर आत फ्यूज असतो. तो उडतो आणि माणूस वाचतो. इथे फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती.

"मी दिला तेव्हा यात फ्यूज होता."

"माहितीय. तो उडाला म्हणून माझ्यासमोरच तार घातली त्यांनी."

"मग बोलली नाहीस?"

"काय बोलू? चारचौघांत तुमचं नाव घेऊन बसलेत. आता मागे कसे फिरणार?" तिने मीटर त्याच्याकडे सरकवला. "तुम्हीच म्हणा ना बाबा, तार मी घातली म्हणून. माझं येणं-जाणं तरी सुरू होईल."

"जन्मात कधी फ्यूजच्या जागी तार घातली नाही गं मी."

"म्हणून तर मागायला आले."

ती गेल्यावर त्याने जळालेलं भोक बदललं, आतली जळालेली पट्टी नवी बसवली, फ्यूज घातला. स्वतःच्या मीटरशी आकडे ताडून पाहिले. तंतोतंत जुळले. त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

रविवारी तो लेकीकडे गेला. जावयाचे दोन सोबती बसले होते.

"तार मीच घातली होती," म्हातारा म्हणाला. "चुकलं माझं."

"जाऊ द्या मामा," जावई मोठ्या मनाने म्हणाला. "वय झालं तुमचं."

म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण लेक दारात उभी होती, म्हणून त्याने तेही गिळलं.

येणं-जाणं सुरू झालं. पुढे एकदा दुपारी तो लेकीकडे बसला असताना तिची इस्त्री बंद पडली. सवयीने त्याने प्लग काढून खोलायला घेतला. तिने तो हातातून काढून घेतला.

"राहू द्या बाबा. मिस्त्रीकडे टाकते."

"अगं, आत वायर सुटलीय नुसती."

"असू दे. घरात लेकरू वावरतं, उगाच कशाला."

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. जावई कामावर होता, नातू शाळेत. घरात त्या दोघांशिवाय कोणीच नव्हतं.