फक्त मागची तपासणी

मी तापट आहे, हे आमच्या एमआरआय विभागात कोणीही सांगेल. पेशंट यंत्रात जरा हलला की मी माइकवरून खडसावते. सख्ख्या भावालाही सोडत नाही.

तीन वर्षांपूर्वी दादाच्या मेंदूत गाठ निघाली. लहान होती, पण नाजूक जागी. लगेच हात लावायला नको, दर सहा महिन्यांनी तपासून लक्ष ठेवू, असं ठरलं. दादाने तिला नाव दिलं पाहुणा. तपासणी झाली की विचारायचा, "पाहुणा झोपलाय ना?" मी म्हणायचे, "घोरतोय."

उगाच नव्हते म्हणत. प्रत्येक रिपोर्टात तेच वाक्य असायचं, मागच्या तपासणीच्या तुलनेत विशेष बदल नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडमसमोर मागची तपासणी उघडून ठेवणं माझं काम. फक्त मागची. सगळ्या उघडायच्या तर कॉम्प्युटर अडून बसतो, रांग खोळंबते, आणि मला खोळंबा खपत नाही.

काल वहिनीने कपाट आवरलं. आज दादाबरोबर तिने एक मोठं पिवळं पाकीट पाठवलं, हे टाकून देऊ का म्हणून विचारायला. आत पहिल्या तपासणीची फिल्म होती. दादा यंत्रात होता, आतून ठकठक चालली होती, मला जरा उसंत होती. सहज म्हणून ती फिल्म भिंतीवरच्या दिव्यावर लावली. शेजारच्या पडद्यावर आजचं चित्र उमटलं, आणि त्यातली गाठ फिल्मवरच्यापेक्षा उघड उघड मोठी दिसली.

मॅडमना बोलावलं. त्यांनी गुपचूप मोजलं. तेव्हा अकरा मिलिमीटर, आज सतरा. मग मधल्या सगळ्या तपासण्या उघडल्या. दर वेळी एकच मिलिमीटर वाढ. एवढा फरक मोजतानाही पडतो, म्हणून दर वेळी 'विशेष बदल नाही'. घरातल्या मुलाची उंची घरच्यांना कळत नाही, दोन वर्षांनी आलेल्या मावशीला कळते. त्या मावशीला मी दारातच अडवून ठेवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, चूक दोघींची आहे, आजच सर्जनना कळवते. मग त्यांनी विचारलं, याच्या उजव्या हाताला काही त्रास होतो का? मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात आठवलं, गेल्या महिन्यात दादाच्या हातून दोनदा कप पडला होता. दोन्ही वेळा वेंधळा म्हणून मीच त्याला झापलं होतं. मला स्वतःची भयंकर चीड आली.

दादा कपडे बदलून आला. शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती.

"पाहुणा झोपलाय ना?"

"तो कधी झोपलाच नव्हता, दादा," मी म्हटलं. "मीच बघितलं नाही."

तो खुर्चीवर बसला, बटणं काढली आणि मान खाली घालून सावकाश पुन्हा लावायला लागला. मी बघत राहिले. पुन्हा एक घर चुकलं.