अर्धा धवला

"अहो, यात धोंडुआत्या कुठंय?" शकूने निमंत्रणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली.

महिपती आरशासमोर दाढी करत होता. मागे न वळताच म्हणाला, "खाली बघ. शेवटची ओळ."

शेवटच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'तसेच स्थानिक कलाकारांचे कार्यक्रम.' बस्स. वर उद्घाटकांचं नाव जाड टायपात होतं, स्वागताध्यक्ष दिनानाथशेठचा फोटो होता, मुंबईच्या ऑर्केस्ट्रात ढोलक कोण बडवणार त्याचंसुद्धा नाव होतं.

"आत्याचं नाव नाय टाकलंत?"

"जागा नव्हती."

"शेठच्या मिशांना बरी जागा झाली!"

महिपतीने गालावर वस्तरा फिरवला. सत्याऐंशी सालची दिवाळीची सुट्टी, पेणचा तीन संध्याकाळचा कला महोत्सव, आणि रामवाडीत राहणारा, कचेरीत हेडक्लार्क असलेला महिपती त्याचा चिटणीस. खाडीकाठचं गाव सोडून त्याला वीस वर्षं झाली होती. गावाबरोबर त्याने बोलीही सोडली होती. घरात बायको 'नाय' म्हणाली तरी हा आपला 'नाही'वर अडून बसायचा.

वाचकहो, अशी पत्रिका तुम्हीही पाहिली आहे. कदाचित छापलीही असेल. तोंड फिरवू नका, पुढे ऐका.

धोंडुबाई कोण? खाडीकाठच्या आगरी गावांत लग्नाला जिच्यावाचून पान हलत नाही ती धवलारीण. मांडवात देवांना आवतण देण्यापासून नवरीला हळद लावण्यापर्यंत प्रत्येक विधीचं तिच्याकडे गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. तो कुठल्या पोथीत नाही. सासूने सुनेच्या कानात घातला, सुनेने पुढच्या सुनेच्या, असा तो चालत आला. धोंडुबाईची सत्तरी उलटलेली, अक्षराशी ओळख नाही. पण तिच्या तोंडात जेवढ्या ओळी होत्या तेवढं लिहायला पेणच्या दुकानांतल्या सगळ्या वह्या आणल्या असत्या तरी पुरल्या नसत्या. महिपतीच्या लग्नातही तिनेच धवले म्हटले होते. हल्ली ती रोह्याला लेकीकडे असायची.

महोत्सवात गायला ती एकाच अटीवर तयार झाली. "खोटी नवरी पाटावर बसवून मी गानार नाय. जिचा लगीन ठरलाय ती बसवा. मानाची हलद लावीन तिला."

ठरलेलं लग्न घरातच होतं. महिपतीची लेक रंभा, तुळशीचं लग्न झालं की उजवायची. शकू तर आनंदाने वेडीच झाली. महिपतीने होकार दिला आणि वर आत्याला बजावलं, "पाहुणे येईपर्यंत गायचं हं."

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं पाप या वाक्यात आहे.

पहिली संध्याकाळ. मैदान भरलं होतं. हमरापूर-जोह्याच्या मूर्तिकार बाया आल्या होत्या, गणपतीचा हंगाम सरला तरी नखांतला रंग न गेलेल्या. शाळकरी पोरं चिवडा खात होती. स्टेजवर पाट, पाटावर रंभा, समोर हळदीची वाटी. धोंडुबाईने पदर खोचला, डोळे मिटले आणि सूर लावला:

*हलद कांडली गो, खाडीच्या वाऱ्यावर*
*पिवला पडला गो उजेड, भाताच्या लोंबीवर*

काय तो आवाज! मांडव-लाउडस्पीकरवाला नूरमहंमद बटणापाशी बसला होता. त्याने मुकाट आवाज कमी केला, मग आणखी कमी केला. त्या गळ्याला मशीन लागत नव्हतं. चिवड्याचे कागद वाजायचे थांबले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ओठातल्या ओठात साथ देऊ लागल्या. रंभाच्या उजव्या गालावर हळद चढली, आणि धोंडुबाईचा हात डाव्या गालाकडे वळला.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

दिनानाथशेठने पहिल्या रांगेतून चुटकी वाजवली. महिपती धावत माइकपाशी गेला. "धन्यवाद, धन्यवाद धोंडुबाई! आता आपण सर्वांनी उभं राहून मान्यवरांचं स्वागत करू या!"

धोंडुबाईचा हात हवेत तसाच राहिला. खुर्ची मांडायची होती. घाईत महिपतीने पाट पायाने बाजूला सरकवला. लेकीचा, हळदीचा पाट, आणि तो पायाने! रंभा धडपडून उठली. म्हातारीने एकवार महिपतीकडे पाहिलं, बोटांची हळद पदराला पुसली आणि मागच्या शिडीवरून उतरून गेली.

उद्घाटक साहेबांचं भाषण पाऊण तास चाललं. विषय होता, 'लोककलेचे जतन.'

घरी आल्यावरही रंभाने तोंड धुतलं नव्हतं. एक गाल पिवळा, एक कोरडा.

"बाबा," ती म्हणाली, "उठतेस का, एवढं तरी विचारायचं होतं मला."

शकूने आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "लेकीची हळद बापानं तोडली. आता नीट ऐका. आत्या हा धवला पुरा करंल तेव्हाच माझ्या पोरीला लग्नाची हळद लागंल. नाय तर नाय. मग तुमचा मुहूर्त तुमच्या मान्यवरांना विचारून काढा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती नूरमहंमदच्या जीपमध्ये बसून रोह्याला निघाला. नूरमहंमद कुवेतला सहा वर्षं काढून आलेला, बोलायला तिखट. वडखळ मागे पडलं. मग तो म्हणाला, "महिपती, तुला एक विचारू? काल तुला साहेबानं सांगितलं होतं का, बाईला गप कर म्हणून?"

"नाही. पण रीत असते..."

"कोणाची रीत? ऐक. कुवेतला एका खोलीत आम्ही आठ जण. पाच मुसलमान, दोन मल्याळी, आणि एक तुमचा आगरी, गोविंदा, फिटर. त्याच्या बहिणीच्या लग्नातली कॅसेट होती त्याच्याकडे. या धोंडुबाईची. जुम्म्याच्या सुट्टीला आम्ही ती लावायचो. मला सगळे शब्द कळत नव्हते. पण टेप सुरू झाला की खोलीत खाडीचा वास यायचा, खोटं नाय सांगत. एकदा सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. आमच्या रोजीरोटीचा मालक! तरी कोणी टेप बंद केला नाय. गोविंदानं नुसता हात वर केला, थांब म्हणून. आणि तो थांबला, बाबा! परमुलखातला मालक थांबला. तू आपल्या पेणात, आपल्या मांडवात, नुसत्या हॉर्नवर बंद केलंस. मालक बाहेर नव्हता रे, तुझ्या डोक्यात बसलाय."

नागोठण्याची पाटी आली, गेली.

रोह्याजवळ कंपनीच्या चाळीत धोंडुबाईची लेक सीताबाई राहायची. जावई शिफ्टला गेला होता. म्हातारी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बस महिपत्या. का तुला खुर्ची लागते?"

महिपती खाली बसला. "आत्या, चुकलो. पोरीला अर्धी हळद लागली. काही अपशकुन..."

म्हातारी खदखदून हसली. "अपशकुन? माझ्या तोंडातून निघालेल्या गान्याचा? पोरीला काय व्हनार नाय, गुनाची हाय ती. जे व्हायचा ते तुना झालाय!"

सीताबाई पदर तोंडाला लावून आत पळाली. नूरमहंमद चपलेकडे बघत हसू दाबू लागला.

"मग लग्नात येशील ना, आत्या?"

आता म्हातारीचे हात थांबले. "कशी येऊ? सासूनं मना शिकवलान, एक धवला अर्धा टाकून दुसऱ्याला तोंड लावायचा नाय. पन्नास वर्सात माझा एक धवला तुटला नव्हता. एकदा मांडवाला आग लागली, लोकांनी इजवली, मी गात व्हते. कोन मेलेल्याची बातमी घेऊन आला, तो दारात उभा ऱ्हायला, मी पुरा केला, मग सांगितलान. मरन थांबला माझ्या धवल्यासाठी. आनि तुझी गाडी नाय थांबली."

तिने निवडलेली सुकट बाजूला सारली.

"आता गला उघडला का त्याच ओलीवर अडतो," ती हळू आवाजात म्हणाली. "रात्री म्हनून बघितला. नाय निघत."

महिपतीने कालची रात्र भीतीत काढली होती, लेकीच्या लग्नाची. आज त्याला कळलं, त्याने काय तोडलं होतं. त्या बाईपाशी शेत नव्हतं, दागिना नव्हता. पन्नास वर्षांचा एक अखंड धागा होता. तो याने हॉर्नच्या एका आवाजावर कापला होता.

"काय करू सांग, आत्या. तू म्हणशील ते."

"त्याच जागी. तीच मानसं समोर. तोच पाट. आनि मी गात असताना कुनी राजा आला तरी उठायचा नाय. त्याला दारात थांबवायचा. तू थांबवायचा. दुसरा कुनी नाय."

तिसऱ्या संध्याकाळी समारोप होता. मुंबईहून नावाजलेला नट बक्षिसं वाटायला येणार होता. महिपतीने कार्यक्रम बदलल्याचं सांगितलं तेव्हा दिनानाथशेठ ताडकन उठला. "डोकं फिरलंय काय तुझं? एवढा मोठा माणूस दारात उभा करणार? कोणासाठी? खाडीवरच्या म्हातारीसाठी?"

"त्या म्हातारीनं माझं लगीन लावलंय, शेठ. आणि तुमच्या बापाचंही तिच्या सासूनं लावलंय. विचारा घरी."

"चिटणीसपद जाईल!"

"जाऊ द्या. पत्रिकेत माझंही नाव जरा मोठंच झालं होतं."

मग तो माइकवर गेला. घसा खाकरला. "परवा इथं एक धवला मी मधेच तोडला. तो आज पुरा होणार हाय. धोंडुबाई, धवलारीण." एवढंच बोलला. पाट त्याने दोन्ही हातांनी उचलून आणला, मांडला, कपाळ टेकवलं आणि सरळ फाटकाकडे चालू लागला.

मागे सूर लागला. जिथे तुटला होता, नेमका तिथूनच!

गाडी आली. नट उतरला, मागे चार माणसं, हार घेतलेला दिनानाथशेठ आडवा धावत आलेला. महिपती फाटकात उभा. कंबर आपोआप वाकू लागली. वीस वर्षांची साहेबांची सवय, ती का एका दिवसात जाते? पण त्याने हात वर केला, जसा कुवेतला गोविंदाने केला होता.

"थांबा साहेब. धवला चालू हाय. आत जायचा नाय."

शेठचा चेहरा पांढरा पडला. "अहो, माफ करा, हा माणूस जरा..."

नटाने ओठावर बोट ठेवलं. "शू!" तो ऐकत होता. चपला काढून तो कुंपणापाशी मातीत उभा राहिला. पुष्कळ वेळ उभा राहिला. मग हलकेच म्हणाला, "असं पुन्हापुन्हा ऐकायला मिळत नाही हो. मला इथे मागेच उभं राहू द्या. तुम्ही लोक एरवी गाणं बंद का करता? आम्ही कधी सांगितलंय?"

ऐकलंत? आम्ही कधी सांगितलंय!

स्टेजवर धोंडुबाईचा हात रंभाच्या डाव्या गालावरून फिरला. पिवळा उजेड पसरला. मैदानातल्या बायांनी शेवटची ओळ एका गळ्याने उचलली. हमरापूरच्या, जोह्याच्या, नूरमहंमदची बायको नूरबानोसुद्धा, जिला ती ओळ नवऱ्याने कुवेतहून उतरवून आणलेल्या कॅसेटमुळे पाठ होती. धवला संपला तशी टाळी वाजली. अशी वाजली की ऑर्केस्ट्रावाले पडद्याआडून बाहेर डोकावले.

धोंडुबाईने स्टेजवरून फाटकाकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "महिपत्या, सोड रे त्याला आता! बिचारा कवाचा उभा हाय!"

मैदान हसलं. महिपती हसला, आणि हसताहसताच त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

रंभाचं लग्न मार्गशीर्षात झालं. दोन दिवस धवले चालले, एकही तुटला नाही. चिटणीसपद गेलं नाही. शेठनेच पुढच्या वर्षीची पत्रिका महिपतीकडे सोपवली. तिच्यात पहिलं नाव धोंडुबाईचं होतं, गावासकट. तिच्या मागे गाणाऱ्या सात बायांची नावं होती. पाहुण्यांचं नाव होतं शेवटी, आणि कोणाही पाहुण्याने त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

नागरिक हो, मी शाळा फार शिकलेलो नाही, म्हणून साधंच सांगतो. आपली कला परके मारत नाहीत. पाहुणेही मारत नाहीत. तिला मारतो तो आपल्या कण्यातला वाक. आपण घरच्या माणसाला वेळ भरायला बसवतो आणि गाडी दिसली की उठवतो. सुट्ट्या येतील, महोत्सव होतील, तुमच्याही गावात मांडव पडेल. गाणाऱ्याचं नाव छापा, पूर्ण छापा. आणि तो गात असताना फाटकाशी हॉर्न वाजला, तर एक करा. जागचे हलू नका. धवला पुरा होऊ द्या!