जेवायला बोलावणारा कर्णा

मी कर्णा बोलतोय. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या माळावर, व्हिटकमांच्या दाराशी खिळ्याला टांगलेला पत्र्याचा कर्णा. लढाईत मिरवणारा नव्हे हो, शेतातल्या माणसाला जेवायला बोलावणारा!

घरधनीण हल्डानं मला माहेराहून आणलं. कॅन्ससमध्ये गुलाम ठेवायचे की नाही, हे तिथं राहायला येणाऱ्यांच्या मतांवर ठरणार होतं. म्हणून गुलामीचा तिटकारा असलेली हल्डा आणि तिचा नवरा एनॉक बैलगाडीतून इतक्या लांब आली. दुपारी ती मला एकदाच, लांबलचक फुंकायची आणि एनॉक मक्यातून हात झटकत यायचा.

ओढ्यापलीकडचा टोलिव्हर सरहद्दीपलीकडच्या मिसुरीचा, तिथं गुलामी चालायची. त्याच्याकडे फिबी नावाची गुलाम बाई होती. मी वाजलो की तोही हजर!

"वहिनी, तुमचा कर्णा ऐकला की पोटात कावळे ओरडतात बघा!"

"कावळे ओरडतात तिकडे आणि भाकरी संपते इकडे," हल्डा हसून वाढायची. मक्याची भाकरी, घेवडा, डुकराचं मांस. फिबीला मात्र त्यानं कधी सोबत आणलं नाही.

मग एके दिवशी एनॉकनं फिबीला गाडीत गवताखाली लपवून उत्तरेला, गुलामी नसलेल्या मुलखात पोचवलं.

"माझी बाई चोरलीस!" टोलिव्हर दारात येऊन गरजला.

"चोरायला ती काय गाय आहे?" एनॉक म्हणाला.

त्यानंतर टोलिव्हर जेवायला आला नाही. सरहद्दीपलीकडून बंदूकवाले स्वार मात्र येऊ लागले, घरं जाळू लागले. हल्डानं नवऱ्याला बजावलं, "ते आले की मक्यात लपायचं. गेले की मी कर्णा वाजवीन. तोवर हलायचं नाही, सांगून ठेवते!"

ते आले, टोलिव्हरही त्यांच्यात. त्यांनी सगळं घर उलथंपालथं केलं, पण एनॉक सापडेना. तेवढ्यात टोलिव्हरची नजर माझ्यावर पडली. हल्डा ओरडणार, तोच एकानं तिचं तोंड दाबलं. टोलिव्हरनं मला खिळ्यावरून काढलं आणि अगदी तिच्यासारखं फुंकलं. एकदाच, लांबलचक.

देवा, त्या क्षणी मी फुटलो का नाही?

मका हलला. "गेले का गं सगळे?" म्हणत एनॉक बाहेर आला. त्याला पुढचं पाऊल टाकू दिलं नाही त्यांनी.

हल्डानं माझ्या तोंडात चिंधी कोंबलीय. तिचं पोर आता शेतात राबतं; त्याला जेवायला बोलवायला ती बांधापर्यंत स्वतः चालत जाते. मला राग नाही तिचा. वाटेनं जाणाऱ्या कारागिरा, एवढं कर: मला काप, ठोकून सपाट कर आणि माझी थाळी बनव. त्या दिवशी एनॉक उपाशीच गेला रे. माझ्यात कुणाला तरी पोटभर जेवू दे.