दोन लाख अडतीस हजार

मी एक जुनी गाडी आहे. पण मित्रांनो, मला साधीसुधी समजू नका. माझा काळा रंग एकेकाळी असा होता की माणसं त्यात बघून भांग पाडत. आत तपकिरी चामड्याच्या बैठका, दारांना अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, आणि दार लागायचं ते जाड पुस्तक मिटल्यासारखं. सध्या मी वाल्येवो गावाबाहेर एका भंगारवाल्याच्या आवारात उभी आहे. मला पुढची दोन दारं नाहीत. आणि मी विलक्षण वैतागलेली आहे.

माझा जन्म जर्मनीतला. पहिली सात वर्षं ऑस्ट्रियात लिंत्स शहरात एका वकीलबाईंकडे गेली. त्या मला फार जपून आणि फार कंटाळवाणं चालवत. मग मला चेदोमिरने घेतलं. तो आमच्या सर्बियातला, वाल्येवोजवळच्या खेड्यातला माणूस. तीस वर्षं लिंत्समध्ये भिंतींना गिलावा करत होता. मुलगी बघायला यावं तसा तो मला तीनदा बघायला आला. वकीलबाईंनी सांगितलेला भाव त्याने ऐकला, माझ्याखाली आडवा होऊन सगळं तपासलं आणि म्हणाला, "बाई, भाव बरोबर आहे." एक पैसा कमी करून मागितला नाही.

त्याच दिवशी त्याने एक निळी वही माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवली. तेल बदललं, टायर बदलले, इंजिनाचा पट्टा बदलला, की तारीख आणि मीटरवरचा आकडा वहीत जायचा. कप्प्याची कडी जरा वाकडी होती. ती आधी वर उचलून मग दाबावी लागे. चेदोमिरला ती सवय होती, म्हणून त्याने ती कधी दुरुस्त केली नाही.

तेरा वर्षं मी त्याच्याबरोबर धावले. दर सुट्टीला साडेआठशे किलोमीटर, डिकीत कॉफी, साबणाची पावडर आणि नातेवाइकांची चॉकलेटं. गावात शिरताना तो माझा वेग मुद्दाम कमी करायचा, म्हणजे कुंपणापाशी बसलेल्यांना नीट बघता यावं. त्याच्या मुलाच्या लग्नात माझ्या आरशांना भरतकामाचे टॉवेल बांधले होते आणि वरात माझ्या मागे होती. त्याच्या आईला इस्पितळातून शेवटचं घरी आणलं तेही मीच. त्या दिवशी तो इतका हळू चालला होता की मागचे भोंगे वाजवून थकले.

मग त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. मला विकायचं ठरलं, आणि त्याने बायकोला, स्तामेनाला, बजावून सांगितलं, "हिला चालवणारा माणूस मिळाला पाहिजे. सुटे भाग करून विकायचं नाही." माझी नोंदणी मित्रोव्दानपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरातल्या संत दिमित्रीच्या सणापर्यंतच होती. न चालवता ती पुन्हा पैसे भरून वाढवणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि तिच्याशिवाय मला रस्त्यावर आणता येणार नव्हतं.

भाव ठरवायला त्याने दोन रविवार घेतले. मोटारबाजारात माझ्या वयाच्या गाड्या बघितल्या. डाव्या मडगार्डवरच्या पोच्याचे कमी केले, नव्या टायरांचे वाढवले. पाच हजार दोनशे युरो. मित्रांनो, मी स्वतःला आतून ओळखते, आणि मी शपथेवर सांगते, तो भाव अगदी बरोबर होता.

मग दर रविवारी शेजारचा एक पोरगा मला चालवत बाजारात नेऊन चेदोमिरपाशी उभी करायचा. तिथल्या पहिल्याच रविवारी एक तरुण आला. त्याने रुमालात गुंडाळलेलं चुंबक माझ्या अंगावरून फिरवलं. रंगाखाली पोचे बुजवायची लांबी भरली असेल तर ते चिकटत नाही. माझ्या अंगावर सगळीकडे चिकटलं. तो खूश झाला. मग आत बसून त्याने मीटर बघितलं.

"काका, दोन लाख अडतीस हजार?"

"हो."

"आणि खरे किती?"

"तेच खरे."

तो हसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी कोणाला नाही सांगत हो. खरे किती?"

आमच्याकडे विकण्याआधी गाडी धुतात तसं मीटरही मागे फिरवतात. त्यामुळे घेणारा दिसेल त्या आकड्यात मनातल्या मनात ऐंशी हजार मिळवूनच भाव करतो. म्हणजे माझे झाले जवळजवळ सव्वातीन लाख! आणि सव्वातीन लाख पळालेल्या गाडीला पाच हजार दोनशे मागणारा चेदोमिर झाला लुटारू.

"तीन हजार देतो," तो तरुण म्हणाला.

"वही बघ ना. सगळं लिहिलंय."

"वही काय, माझी आजीपण लिहील."

माझ्या शेजारी माझ्याच कारखान्यातली एक निळी गाडी उभी होती. तिच्या इंजिनाचा घसा असा बसला होता की चार लाख तरी पळाली असणार. मीटरवर एक लाख एकसष्ट हजार. दुपारच्या आत सहा हजारांना गेली! घेणारा मित्राला सांगत होता, "म्हणजे खरे दोन चाळीस असतील. ठीक आहे." माझं इंजिन तेव्हा बंद होतं, नाहीतर मी उकळलेच असते.

असे सहा रविवार गेले. कोणी अडीच हजार म्हणे, कोणी नुसतं हसे. कॉफीच्या टपरीवाल्याने चेदोमिरचं नाव 'अडतीस काका' ठेवलं. चेदोमिर घरी आला की टोपी आपटायचा.

"तीस वर्षं परदेशात भिंती सरळ केल्या, एकाने कधी ओळंबा लावून तपासल्या नाहीत," तो म्हणायचा. "आणि इथे आपल्याच गावात मी चोर!"

"अरे मग फिरव ना मीटर, सगळे फिरवतात," स्तामेना म्हणायची. "तुझ्या खरेपणापायी हिला अंगणात उभी करून हिच्यावर कोंबड्या बसवणारेस का?"

शेवटी मिलादिन आला. तो चेदोमिरचा कूम, म्हणजे लग्नात त्याच्या शेजारी साक्षीला उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, कूमला नाही. मिलादिनने राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, पेला रिकामा केला आणि समजावलं, "हे बघ कूम. आपण करायचे एक लाख अठ्ठावन्न. लोक त्यात मिळवणार ऐंशी. किती झाले?"

"दोन अडतीस."

"मग! खोटं कुठे बोललो आपण? त्यांना त्यांच्या रस्त्याने खऱ्यापर्यंत नेतोय."

चेदोमिर बराच वेळ टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत बसला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर." मला तेव्हा त्याचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

दुसऱ्या दिवशी एकाने येऊन लॅपटॉपची वायर मला जोडली. काम दहा मिनिटांत झालं. ऐंशी हजार किलोमीटर म्हणजे माझी शेवटची सात वर्षं. मुलाचं लग्न त्यातच होतं. आईला घरी आणलं तेही त्यातच. मी ती धावले होते, माझे पाय त्यात झिजले होते, आणि आता मी कुठे गेलेच नव्हते.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, ल्युबिंका आली.

ती गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यांवर फिरायला तिला दणकट, विश्वासाची गाडी हवी होती. तिने माझ्या पेडलांचं झिजलेलं रबर बघितलं, स्टिअरिंगचं चामडं चाचपलं, खाली वाकून बराच वेळ काय काय पाहिलं. मग चिखलाचे हात पुसत म्हणाली, "काका, बाजारात सगळे हसत होते की एक म्हातारा आहे, मीटर फिरवत नाही, आकड्यावरून हटत नाही. दोन रविवार मी तुम्हालाच शोधत होते, पण पोचेपर्यंत तुम्ही निघून गेलेले असायचात. अडतीस काका तुम्हीच ना?"

चेदोमिरने किल्ली पुढे केली. ती आत बसली. तिने किल्ली फिरवली आणि मीटर उजळलं.

एक लाख अठ्ठावन्न हजार.

मी जन्मात कधी खाली मान घातली नव्हती, त्या दिवशी घालता आली असती तर घातली असती. चेदोमिर धावत आला, कडी उचलून दाबली, वही काढली. "हे बघ पोरी, हे खरं आहे. दोन अडतीस. हे आत्ता, परवा... माझ्या कूमने..."

तिने वही शेवटपर्यंत चाळली. तिला राग आला नव्हता, हेच वाईट होतं. "वही खरी असेल काका," ती म्हणाली. "पण मीटर फिरवणारा वहीपण लिहू शकतो. आता मी कशावरून ठरवू?" तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि ती गेली.

त्यानंतर बाजारात जायचं त्याचं मनच उडालं. मित्रोव्दान आला आणि गेला, माझी नोंदणी संपली, आणि मला भंगाराशिवाय जागा उरली नाही. भंगारवाला मला ओढून न्यायला आला, तेव्हा चेदोमिरने वहीत शेवटची ओळ लिहिली: 'खरा आकडा २,३८,११०. मीटरवर कमी दाखवला, तो माझा दोष.' सही केली, वही कप्प्यात ठेवली आणि घरात निघून गेला. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

काल एक गिऱ्हाईक आलं. त्याला माझं मीटर हवं होतं, त्याच्या गाडीत बसवायला. त्याने विचारलं, "किती दाखवतंय?"

"एक अठ्ठावन्न."

"वा! जास्त पळालेली नाही की," तो म्हणाला, आणि घेऊन गेला. सहा रविवार खरं सांगितलं तेव्हा एकाने विश्वास ठेवला नाही, आणि हा खोटा आकडा एका क्षणात खरा झाला! आता तो दुसऱ्या कुणाच्या छातीत बसून रस्त्याने फिरतो आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कोणी तुम्हाला खरं सांगत असेल तर ते जरूर तपासा. वाकून बघा, चुंबक फिरवा, वही मागा. पण तपासल्याशिवाय त्यात आपल्या मनातले ऐंशी हजार मिळवू नका. तेवढ्याने एखादा सरळ माणूस कायमचा वाकतो.

निळी वही अजून माझ्याकडे आहे. भंगारवाल्याला कप्पा उघडत नाही. त्याने दोनदा ठोसे मारले आणि नाद सोडला. कडी आधी वर उचलायची आणि मग दाबायची, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.