पेवाच्या मेलची पहिली ओळ

त्या दुपारी ब्राह्मी सांगलीच्या घरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. हरिपूरच्या नदीकाठी जमिनीखाली हळद साठवायची जुनी पेवं एकेक करून बुजत चालली होती. एखाद्या पत्रकाराने त्यांवर लिहावं म्हणून ती मेल धाडत होती. उत्तर एकाचंही नव्हतं.

तिचे वडील अण्णाप्पा जन्मभर हळदीचे अडते. ताकाचा पेला ठेवत म्हणाले, "वाच बघू."

तिने वाचलं. आपलं नाव, पदवी, संस्था, मग वारशाचं महत्त्व.

"पेव कवा येतंय गं ह्यात?"

"पुढं येतं, अण्णा."

"तवर त्यो गडी झोपंल. सौद्यात आमी आधी हळद हातात देतो, का दुकानाची पाटी वाचून दाखवतो?"

आतून गुणमाला, तिची आई, म्हणाली, "आवं, गिऱ्हाईक आलं की तुमीच आधी चार पिढ्या सांगताय की!"

"म्हनून तर गिऱ्हाईक पळतंय!"

ब्राह्मीने सगळं खोडलं आणि नव्याने सुरुवात केली : 'पेवात उतरण्याआधी आम्ही पेटता कंदील सोडतो. तो विझला, तर माणूस उतरत नाही.' खाली लिहिलं, पेव दाखवायला वडील येतील, आणि त्यांचाच नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठलेच नाहीत.

भेटायला येणारी माणसं कमी झाली तेव्हा अण्णांचा फोन वाजला. साताऱ्याहून शिवांजली नावाची पत्रकार बोलत होती. "अण्णाप्पा आहेत का? पेवाचा मेल आला होता."

ब्राह्मीने झालेलं सांगितलं.

"मग आत्ता राहू दे का?" शिवांजली म्हणाली. "नंतर कधीतरी बघू."

नंतर कधी पेव उरेल, याची खात्री नव्हती. "नको," ब्राह्मी म्हणाली. "तुम्ही या. मी दाखवते."

शिवांजली आली. ब्राह्मीने पेवाचं तोंड दाखवलं, हळद कशी उतरवत, वरून माती कशी लिंपत, तेही सांगितलं. निघताना शिवांजली म्हणाली, "ढिगानं मेल येतात. तुमची पहिली ओळ वाचली आणि पुढं वाचतच गेले. कुठं शिकलात?"

"घरी," ब्राह्मी म्हणाली.

गाडी गेली. ती काठावर एकटीच उभी राहिली. पर्युषण संपलं की त्यांच्या घरी दरवर्षी एकमेकांची क्षमा मागत. तेवढी ती अण्णांकडे न चुकता मागत आली होती. आभार मानायचा मात्र दिवस नव्हता, आणि घरातल्या माणसाचे कोण मानतं?

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, "लय शिकवलासा मला. आभारी हाय मी तुमची."